काकांच्या स्लाइड्स कॅमेऱ्याने उतरवताना

घरात मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो घेणारी) बसणारा कॅमेरा असेल, तर जुन्या स्लाइड्ससाठी, म्हणजे चौकटीत बसवलेल्या पारदर्शक रंगीत फिल्मसाठी, स्कॅनर विकत घेऊ नका. काकांच्या सह्याद्रीतल्या भटकंतीच्या स्लाइड्सचे डबे मी कॅमेऱ्यानेच उतरवले. फ्लॅटबेड स्कॅनर वापरायचाच असेल, तर झाकणात दिवा असलेला हवा. साधा स्कॅनर स्लाइड काळीच दाखवतो. ३२०० डीपीआयला (इंचाला ३२०० ठिपके) साधारण ४५०० बाय ३००० पिक्सेल मिळतात, पण एकेका स्लाइडपाशी ताटकळत बसावं लागतं. पडद्यावर प्रोजेक्टरने पाडून मोबाइलने फोटो काढण्याचा उद्योग तर मुळीच नको.

खरं काम सफाईचं. आधी रबरी ब्लोअर. तोंडाने फुंकलंत तर थुंकीचे शिंतोडे उडतात. आपल्याकडच्या पावसाळ्याने बुरशीची जाळी धरलेली असेल, तर पाणी लावू नका, कारण बुरशीने पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्रच निघून येतं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडावर थोडंसं घेऊन हलक्या हाताने पुसा, तेही आधी एखाद्या बिनमहत्त्वाच्या स्लाइडवर करून बघा. कोडाक्रोम (कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म) असेल तर महागड्या स्कॅनरच्या इन्फ्रारेड धूळसफाईवर भिस्त ठेवू नका. त्या फिल्मवर ती नीट चालत नाही, बारीक तपशील खाते.

स्लाइडला खालून उजेड द्यायला एलईडी पॅनेल घ्या, ९५ किंवा जास्त सीआरआयचं (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप). स्वस्त पॅनेलचे रंग नंतर संगणकावर सरळ करता करता जीव जातो. स्लाइड पॅनेलच्या दोन-तीन सेंटीमीटर वर राहील असं करा, म्हणजे पॅनेलवरची धूळ फोकसमध्ये येत नाही. भोवती काळा कार्डबोर्ड, मधे स्लाइडएवढीच खिडकी. कॅमेरा ट्रायपॉडवर खाली बघत. स्लाइडच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि लेन्सला स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं, की कॅमेरा समांतर झाला. खोलीतला दिवा बंद, पंखाही बंद (घाम येतो, इलाज नाही).

कॅमेऱ्यावर आयएसओ १००, एफ/८, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), दोन सेकंदांचा टायमर. लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं चित्र) मोठा करून फिल्मच्या दाण्यावर फोकस करा. चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे ठेवा. मंद बाजू वर आली तर चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटं येतं. सुरुवातीला नुसत्या पॅनेलचा एक फोटो घेऊन ठेवा, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं अशी रंगांची जुळवणी) त्यावरून लावता येतो. सावलीतला भाग फारच काळा असेल तर एक जास्तीचा, उजळ फोटो घ्या.

एक काम बहुतेक जण विसरतात: स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीचाही फोटो घ्या. काकांनी पेन्सिलीने लिहिलेली 'राजगड, संजीवनी माची' तिथेच आहे. मात्र कोडॅकच्या चौकटीवर छापलेला महिना आणि वर्ष फिल्म धुतल्याचं असतं, फोटो काढल्याचं नव्हे. म्हणून फाइलला तारखेऐवजी डबा आणि क्रमांकाचं नाव द्या, आणि चौकटीवरचा मजकूर माहितीच्या रकान्यात टाका.