१९३८ चं न्यूयॉर्क सांगलीच्या स्टेजवर उभं करायचं असेल तर

आमच्या ग्रुपनं एक एकांकिका केली, न्यूयॉर्कमधलं एक गरीब बिऱ्हाड, साल १९३८, मंदीची शेवटची वर्षं. नेपथ्य आणि प्रॉपर्टी, म्हंजे स्टेजवरच्या वस्तू, माझ्याकडे होती. तेव्हापासून इथल्या कॉलेजच्या दोन-तीन ग्रुपनी विचारलं की दादा असला परदेशातला जुना काळ स्वस्तात कसा उभा करायचा, प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सीता स्वयंवर जिथं केलं त्या गावात आपण नाटक करतोय, तर अमेरिकेतलं घर म्हणून एक सोफा, एक फ्लॉवरपॉट आणि भिंतीवर झेंडा एवढ्यावर भागवू नका ही कळकळीची विनंती.

पहिलं काम म्हणजे तारीख ठरवा. नुसतं "मंदीचा काळ" म्हणून चालत नाही. १९३३ वेगळं आणि १९३८ वेगळं. १९३३ ला चारातला एक माणूस बेकार होता, सगळं कोसळलेलं, मग रूझवेल्ट अध्यक्ष झाले, सरकारी कामं निघाली, लोकांना जरा श्वास मिळाला, आणि १९३७ मधे सरकारनं खर्च आवरता घेतला, बँकांवरची बंधनं वाढली आणि परत घसरण. १९३८ ला बेकारी पुन्हा १९ टक्क्यांच्या आसपास गेली. म्हंजे तुमचा बाप हा नुकताच बेकार झालेला माणूस नाही, त्याला मधे काम मिळालं होतं आणि ते परत गेलंय. नटाला हे एक वाक्य सांगितलं की त्याचं बसणं बदलतं, हे मी तालमीत डोळ्यांनी बघितलंय. आधी तो रडका बाप करत होता, नंतर गप्प बाप करायला लागला आणि तोच बरोबर होता.

आम्ही तारीख घेतली २२ जून १९३८, बुधवार, रात्र. का ते पुढं सांगतो. महिना पण महत्त्वाचा, कारण हिवाळा घेतला तर कोळशाची शेगडी, अंगावर कोट आणि दुधाची बाटली खिडकीबाहेर कठड्यावर ठेवलेली (थंडीत बर्फ विकत कशाला घ्यायचा), आणि जून घेतला तर उकाडा, उघड्या खिडक्या, बाहेरच्या लोखंडी जिन्यावर गाद्या टाकून झोपलेली पोरं. आपल्याकडे नटांना घाम आणायला वेगळे कष्ट नाहीत त्यामुळे जून घ्या.

आता खोली. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला जुन्या इमारतींमधे गरिबांची बिऱ्हाडं होती, एका मजल्यावर चार-चार, दोन बिऱ्हाडांत मिळून संडास बाहेर पॅसेजमधे. आपल्या वाड्यात किंवा मुंबईच्या चाळीत राहिलेल्या माणसाला हे समजवायला लागत नाही. पण एक गोष्ट आपल्याकडे नाही, ती म्हणजे स्वयंपाकघरातला टब. अंघोळीचा टब चक्क स्वयंपाकघरात, आणि त्याच्यावर फळी टाकली की तेच टेबल, त्यावरच भाजी चिरायची, त्यावरच पोरांचा अभ्यास. ही एक वस्तू स्टेजवर ठेवलीत तर दहा वाक्यांचे संवाद वाचतात. आम्ही प्लायचा खोका केला, कडा पॉलिशपेपरनं गोल केल्या, पांढरा ऑइलपेंट दोन हात, वर फळी आणि फळीवर चौकड्याचं मेणकापड. मेणकापड नवं आणलं तर आधी चार दिवस तालमीत वापरा, कोपरे मोडायला पाहिजेत. खिडकीबाहेर कपडे वाळत घालायची दोरी कप्पीवर घ्या, म्हंजे आई खिडकीत उभी राहून दोरी ओढते आणि कपडे समोरच्या इमारतीकडं सरकत जातात. विंगेत एक पोरगं बसवून ठेवायचं दोरीच्या दुसऱ्या टोकाला, कप्पी विहिरीची लहान मिळते ती चालते.

फ्रीज ठेवू नका. १९४० च्या जनगणनेत विजेवर चालणारा फ्रीज अमेरिकेतल्या ४४ टक्के घरांतच होता आणि ही घरं त्यातली नाहीत. इथं लाकडी बर्फपेटी पाहिजे. वरच्या कप्प्यात बर्फाची लादी, खालच्या कप्प्यात दूध-लोणी, आणि तळाला एक परात ज्यात बर्फाचं पाणी ठिबकत राहतं. ती परात रोज आठवणीनं ओतायची, विसरलं की पाणी जमिनीवर आणि खालच्या बिऱ्हाडाची तक्रार. आम्हाला जुन्या सामानवाल्याकडं जाळी निघालेलं दुधाचं कपाट मिळालं, त्याला आतून पत्रा आणि बाहेरून पितळी बिजागऱ्या लावल्या. आणि खिडकीत एक चौकोनी पुठ्ठा, चारही कडांना आकडे २५, ५०, ७५, १००. जितके पौंड बर्फ पाहिजे तो आकडा वर करून पुठ्ठा लावायचा म्हंजे बर्फवाला खालूनच बघून तेवढा तुकडा तोडून आणतो. आमच्या नाटकात आई आधी ५० लावते, मग डब्यातली चिल्लर मोजते, आणि पुठ्ठा फिरवून २५ करते. एक शब्द नाही. त्या जागेवर प्रेक्षकांतून आवाज यायचा, हळहळल्याचा.

तर चिल्लर. माझ्या मते सगळं नाटक इथं आहे. त्या काळातली गरिबी फाटक्या कपड्यात शोधू नका, ती मोजण्यात आहे. नटांना नाणी पाठ करून घ्या, पेनी म्हंजे १ सेंट, निकेल ५, डाईम १०, क्वार्टर २५. आणि गंमत म्हंजे १० चं डाईम हे ५ च्या निकेलपेक्षा आकारानं लहान आणि पातळ, त्यामुळे लहान नाणं हातात आल्यावर चेहरा खुलला पाहिजे. आपलं नवं १ रुपयाचं नाणं निकेलच्या जवळ जातं, २ रुपयाचं क्वार्टरच्या, पाचव्या रांगेतून कुणाला फरक कळत नाही. मग भाव पाठ करून घ्या. न्यूयॉर्कची सबवे ५ सेंट, कोकची बाटली ५ सेंट, पावाची लादी ८-९ सेंट, दूधवाल्याची काचेची बाटली म्हंजे जवळजवळ लिटरभर दूध १२-१३ सेंट, सिनेमाचं तिकीट पाव डॉलरच्या आसपास. घरभाडं, १९४० च्या जनगणनेत देशभरातला मधला आकडा महिना २७ डॉलरच्या आसपास निघाला, असल्या जुन्या इमारतीत त्याहून कमी धरा. बाप सरकारी कामावर आहे, बेकारांना काम देणारी डब्ल्यूपीए नावाची योजना, १९३५ ला सुरू झाली, पगार भाग आणि कौशल्य बघून महिना १९ पासून ९४ डॉलरपर्यंत. आम्ही त्याला न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातल्या विमानतळाच्या भरावावर कामाला ठेवला, तेव्हा तिथं हजारो डब्ल्यूपीए मजूर खरोखर राबत होते, आज ज्याला लागार्डिया म्हणतात तो, १९३९ ला सुरू झाला. मोठी मुलगी शिलाई कारखान्यात. तिच्या तोंडी किमान मजुरीच्या कायद्याची बातमी टाकता येते, कारण रूझवेल्टनी त्यावर सही केली २५ जूनला, आमच्या प्रसंगानंतर तीनच दिवसांनी. तासाला २५ सेंट, आठवड्याला ४४ तास, म्हंजे ११ डॉलर. हे गणित ती फळीवर पेन्सिलीनं करते.

पेन्सिलीनंच, हे लक्षात ठेवा. पहिल्या प्रयोगात आमच्या मुलीनं खिशातलं बॉलपेन काढलं आणि परीक्षकांनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं. बॉलपेन अमेरिकेत दुकानात आलं १९४५ ला. मला तेव्हा फार लागलं ते, कारण बाकी सगळं जिवापाड जपलं होतं. तसंच नायलॉनचे मोजे नकोत, ते बाजारात आले १९४० च्या मे मधे, त्याआधी रेशमी किंवा रेयॉनचे, मागं उभी शिवण असलेले. प्लॅस्टिकची बादली-मग नको, स्टीलची ताटं नकोत, पांढरी निळ्या काठाची एनॅमलची ताटली-मग घ्या, भांड्यांच्या जुन्या दुकानात विचारलं की माळ्यावरून काढून देतात. टीव्ही नाही. झेंडा दाखवायचाच असेल तर त्यावर ४८ तारे, ५० नाही, अलास्का आणि हवाई १९५९ ला आले. नेटवरून प्रिंट काढाल तर हमखास ५० वाला येतो.

कपड्यांचं. चिंध्या घालू नका पोरांनो. ही माणसं कपडा स्वच्छ धुऊन, इस्त्री करून, ठिगळ आतल्या बाजूनं लावून घालायची, कारण काम मागायला जायचं असायचं. शर्टाची कॉलर झिजली की उसवून उलटी करून परत शिवायची. बुटाच्या तळाला भोक पडलं की आत पुठ्ठा कापून घालायचा, पाऊस आला की पुठ्ठ्याचा लगदा. आणि चादर मधोमध विरली की ती उभी फाडायची, दोन्ही बाहेरचे काठ मधे आणून जोडायचे आणि विरलेला भाग कडेला टाकायचा. हे मी वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण हे तर आपलं दंड घालणं! माझी आजी लुगड्याला दंड घालायची, मधला जीर्ण भाग कापून दोन्ही तुकडे परत जोडायचे, ती शिवण पाठीला लागायची म्हणून आतून घडी दुमडून घ्यायची. नाटकातल्या आईची भूमिका करणारी मुलगी विशीतली, तिला शब्दच माहीत नव्हता, मग तिच्याच आजीकडनं ती दंड घालायला शिकली आणि स्टेजवर सगळा वेळ खरी चादर शिवत बसायची. पुसायचे फडके, पोरांच्या चड्ड्या वगैरे पिठाच्या पोत्याच्या कापडाच्या, त्याला मांजरपाट आणा आणि एका कोपऱ्यात पिठाच्या गिरणीचा पुसट शिक्का रंगवा.

जेवणात बर्गर-पिझ्झा आणू नका. पाव, उकडलेले बटाटे, कोबी, घेवड्याच्या बिया, कॉफी. आणि एक फार भारी गोष्ट, मार्गारीन. लोणी परवडत नाही म्हणून मार्गारीन, पण रंगवलेल्या पिवळ्या मार्गारीनवर पौंडाला १० सेंट केंद्राचा कर होता, लोण्यावाल्यांच्या दबावानं बसवलेला, म्हणून ते पांढरं फटक मिळायचं आणि रंगाची पुडी वेगळी. घरी वाडग्यात घेऊन ती पुडी कालवायची की लोण्यासारखं दिसतं. आम्ही डालडा घेतला आणि पुडीत हळद, सांगलीत हळदीला काय तोटा. लहान मुलगा ते कालवतो आणि पांढऱ्या रेघा राहतात, आई म्हणते "नीट कालव, पाहुण्यांना कळता कामा नये". बास, एवढंच वाक्य.

आता २२ जून का ते. त्या रात्री न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर अमेरिकेचा मुष्टियोद्धा जो लुईस आणि जर्मनीचा माक्स श्मेलिंग यांची लढत होती, दोन वर्षांपूर्वी श्मेलिंगनं त्याला हरवलं होतं, आणि सगळा देश रेडिओला कान लावून. लुईसनं ती २ मिनिटं ४ सेकंदांत संपवली. स्टेजवर ही लढत खऱ्या वेळेत घेता येते! रेडिओ व्हॉल्व्हचा आहे, बटण फिरवलं की लगेच आवाज नाही, आधी डायल उजळते मग हळूहळू आवाज चढतो, साउंडवाल्याला हे सांगून ठेवा, साधारण १५-२० सेकंद. शेजारीपाजारी जमलेत, नेमकी परात भरलीय म्हणून बाप ती ओतायला पॅसेजमधे जातो, आणि परत येईपर्यंत लढत संपलेली. बाहेर गल्लीत सगळ्या खिडक्यांतून आरडाओरडा आणि तो हातात रिकामी परात घेऊन दारात. समालोचन स्वतः लिहा आणि रेकॉर्ड करा, जुनं रेकॉर्डिंग उचलू नका.

शेजारी कृष्णवर्णीय कुटुंब दाखवणार असाल तर नटाच्या तोंडाला काळं फासू नका, हात जोडून सांगतो. त्या लोकांना काम सगळ्यात शेवटी मिळायचं आणि सगळ्यात आधी जायचं, ते संवादातून येऊ द्या.

भाषेचं एवढंच की साधी घरातली मराठी ठेवा. "ओ प्रिये" नको आणि मुद्दाम "काय बे" पण नको. आम्ही आई-बाबाच ठेवलं, घरमालकाला तेवढं मिस्टर. नाणी, रस्ते, योजनांची नावं मात्र तशीच.

जाता जाता एक, कारण हे आपल्या धंद्यातलं आहे. त्याच डब्ल्यूपीएमधे फेडरल थिएटर प्रोजेक्ट होता, हॅली फ्लॅनगन नावाच्या बाई प्रमुख. बेकार नट, सुतार, लाइटवाले, शिवणकाम करणाऱ्या बायका यांना सरकारनं पगारावर घेऊन देशभर नाटकं करायला लावली, बरेच प्रयोग लोकांना फुकट. १९३५ ते १९३९ चाललं, मग काँग्रेसनं, म्हंजे अमेरिकेच्या संसदेनं, पैसे बंद केले आणि ३० जून १९३९ ला ते संपलं. आम्ही वरच्या मजल्यावरचा शेजारी असा एक सुतार केला, जो थिएटरमधे सेट ठोकतो आणि पहिल्यांदाच घरभाडं वेळेवर देतोय. ती भूमिका करणारा आमचा पोरगा दिवसा फर्निचरच्या दुकानात काम करतो. तो ते वाक्य कधीच मोठ्यानं बोलला नाही, आणि मी पण त्याला आवाज वाढव म्हटलं नाही.

शेवटी बर्फ. थर्माकोलचा बर्फ अजिबात नको, ठिबकण्याचा आवाज हवा असेल तर खरी लादीच पाहिजे. फॅक्टरीतून प्रयोगाच्या दोन तास आधी उचला, त्याच्या आधी नाही, आमच्या आधीच्या ग्रुपचा सेट काढायला उशीर झाला होता आणि तेवढ्यात अर्धी लादी टेम्पोतच गेली. लाकडाच्या भुशात दाबून वर ओलं गोणपाट गुंडाळा. परात पत्र्याचीच घ्या आणि तिच्या तळाशी आधी बोटभर पाणी घालून ठेवा, म्हंजे पहिला थेंब पडला की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो. आणि पेटीच्या खाली काळं रबर टाका, स्टेज ओलं झालं तर पुढच्या ग्रुपचा माणूस घसरेल.