किसुमूच्या मुलांना पहिल्यांदा भेटायला जाताना

सगळ्यात आधी पत्रं काढा. तिकीट, लस, बॅग हे नंतर. एखाद्या संस्थेमार्फत ज्या मुलांचं शैक्षणिक पालकत्व, म्हणजे शाळेच्या खर्चाला हातभार, आपण घेतलेलं असतं, त्यांची वर्षाला दोन-तीन पत्रं येतात. आपण ती वाचतो, हरखतो आणि फाइलला लावून टाकतो. मी ठाण्याहून केनियात, किसुमूजवळच्या एका मुलीला आणि एका मुलाला भेटायला गेले, तेव्हा निघण्याच्या दोन महिने आधी सहा वर्षांची पत्रं तारखेनुसार लावली आणि एक वही घातली. डाव्या पानावर मुलांनी सांगितलेलं: घरात कोण कोण, शेळीचं नाव काय, शाळेत काय आवडतं, कोण आजारी होतं, कुठल्या वर्षी मका वाळून गेला. उजव्या पानावर मुलांनी मला विचारलेलं. उजवं पान भरत गेलं तशी मला लाज वाटायला लागली. ‘तुमच्या घराजवळच्या तळ्यात पाणघोडे आहेत का?’ हे मुलाने तीन पत्रांत विचारलं होतं, आणि मी तिन्ही वेळा ‘मन लावून अभ्यास कर’ एवढंच लिहून पाठवलं होतं.

वही करताना आणखी एक बघा. आधी दर पत्रात येणारं एखादं नाव पुढे यायचं थांबलं असेल, तर तिथे खूण करा आणि संस्थेच्या कार्यकर्त्याला निघण्याआधीच विचारून घ्या. मुलीच्या पत्रांतले आजोबा असेच एका वर्षानंतर दिसेनासे झाले होते. ते गेल्याचं मला आधी कळलं, म्हणून ‘आजोबा कसे आहेत?’ हे मी तिच्या अंगणात उभी राहून विचारलं नाही.

संस्थेला किमान तीन-चार महिने आधी कळवा. परस्पर गावात जाऊन उभं राहायचं नसतं, गावाचा पत्ता माहीत असला तरी. माझ्याकडून पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला, ओळखपत्रं घेतली आणि बालसंरक्षणाच्या नियमांवर सही घेतली: मुलाला एकट्याला भेटायचं नाही, सोबत कार्यकर्ता हवा, मुक्काम घरी नाही, फोन नंबर द्यायचे-घ्यायचे नाहीत. काहींना याचा राग येतो, इतकी वर्षं पैसे भरतोय आणि आमच्यावर संशय का, म्हणून. मला उलट वाटतं. जी संस्था यातलं काहीच विचारत नाही, तिच्याकडे मुलं सुरक्षित आहेत का, याची काळजी करा. आणि ‘दत्तक’ हा शब्द घरीच ठेवून जा. त्या मुलांना आई आहे, आजी आहे, घर आहे. आपण शाळेच्या खर्चाला हातभार लावतो, एवढंच आपलं नातं आहे आणि ते पुरेसं आहे.

तारीख आपल्या रजेवर ठरवू नका. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, तीन सत्रं असतात, आणि एप्रिल, ऑगस्ट व नोव्हेंबर-डिसेंबरला सुट्ट्या येतात. मार्च ते मे मोठा पाऊस असतो, ऑक्टोबर ते डिसेंबर लहान पाऊस. लाल मातीचे रस्ते तेव्हा गाडीची चाकं गिळतात. मी जुलै निवडला आणि शनिवार मागून घेतला, म्हणजे शाळा बुडत नाही. भेटीसाठी गाडी लागते, कार्यकर्त्याचा दिवस जातो. तो खर्च आपला, हे आधीच बोलून घ्या. प्राणी बघायला जायचं असेल तर ते भेटीच्या नंतर ठेवा. मला भेटीच्या दुसऱ्या दिवशी काहीही करावंसं वाटलं नाही. तो दिवस मोकळा ठेवला होता, ते बरं झालं.

कागदपत्रांचं थोडक्यात. पासपोर्ट निदान सहा महिने पुढे चालणारा हवा. जानेवारी 2024 पासून केनियाने व्हिसा काढून टाकला, पण त्याऐवजी निघण्याआधी ऑनलाइन प्रवास परवानगी घ्यावी लागते. ती सरकारी संकेतस्थळावरूनच घ्या, तशाच दिसणाऱ्या आणि जास्त पैसे उकळणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची, लस मात्र विसरू नका. ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, नोंदणी आधी करावी लागते, आणि टोचल्यानंतर 10 दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. या प्रमाणपत्राचं पिवळं कार्ड जाताना नव्हे, परत येताना मागतात. ते नसेल तर भारतात उतरल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. वय साठीच्या पुढे असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. त्याच भेटीत मलेरियाचंही विचारून घ्या, कारण किसुमू सरोवराकाठी आहे आणि तिथे मलेरिया भरपूर. प्रतिबंधक गोळ्या परत आल्यावरही घ्यायच्या असतात, काही सात दिवस, काही चार आठवडे. घरी पोचल्यावर लोक त्या सोडून देतात, तसं करू नका.

बॅगेत एक स्वेटर टाका. आफ्रिका म्हणजे उकाडा असं आपण धरून चालतो, पण नैरोबी सुमारे 1,800 मीटरवर, महाबळेश्वरपेक्षा बरंच उंच आहे आणि जुलैत तिथे सकाळी हुडहुडी भरते. पुढे साडेतीनशे किलोमीटरवरचं किसुमू तेवढं थंड नाही. चार्जरला तीन चौकोनी पिनांचा ॲडॉप्टर लागतो. आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून टाका, अगदी चपलांची आणि फराळाचीसुद्धा. ऑगस्ट 2017 पासून तिथे त्यांच्यावर कडक बंदी आहे. मी सगळं जुन्या सुती साड्यांच्या शिवलेल्या पिशव्यांत भरलं, आणि शेवटी त्या पिशव्याही देऊन आले.

भेटवस्तूंवर सगळ्यात जास्त विचार करा, कारण इथेच माणूस चुकतो. मी दोन मुलांसाठी दोन छान भेटी नेल्या होत्या. मुलीच्या अंगणात पोचले तर तिची तीन भावंडं आणि शेजारची पाच-सहा मुलं रांगेत उभी. तिच्या हातात रंगपेटी आली आणि तिच्या धाकट्या भावाने मान खाली घातली. तिचा आनंद अर्धा तिथेच विरला. दुसऱ्या घरी जाण्याआधी आम्ही बाजारात थांबून फुटबॉल आणि दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या घेतल्या. म्हणून वाटून घेता येईल असं न्या: हवा काढलेला फुटबॉल आणि त्याचा पंप, दोऱ्या, सावंतवाडीचे लाकडी भोवरे मूठभर, पेन्सिली डझनाने. घरासाठी एक सोलापुरी चादर. ती वर्षानुवर्षं टिकते आणि कोणा एकाची राहत नाही. बिया, धान्य, झाडाचं काही नेऊ नका. रोख पैसे घरात कोणाच्या हातावर ठेवू नका. गावात त्याचा त्रास त्यांनाच होतो. द्यायचे असतील तर संस्थेमार्फत द्या. आणि एक छोटा अल्बम करा, त्यात पाऊस, लोकल, तुमची आई, तुमची शाळा. गाडी आणि फ्लॅटचे फोटो नकोत. ठाण्याच्या तलावपाळीचा फोटो बघून मुलगा आधी गप्पच झाला. त्याचं तळं म्हणजे व्हिक्टोरिया सरोवर, जवळपास 68,800 चौरस किलोमीटर, आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून मोठं.

भाषेची भीती वाटते, पण केनियात बोलतात ती स्वाहिली आपल्याला वाटते तितकी परकी नाही. अरबी-फारसीतून जे शब्द आपल्याकडे आले, त्यातले बरेच आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालाही लागले: साबणाला साबुनी, गणिताला हेसाबु, वहीला दफ्तारी, दुकानाला दुका, आणि ‘काय खबर?’ विचारायला हबारी. गारी, चपाती, कचुंबारी तर आपल्याकडूनच गेले. ही यादी मी विमानात केली, आणि मुलांबरोबरचा पहिला अर्धा तास तिच्यावरच निघाला. मी मराठी शब्द म्हणायचा, त्यांनी ओळखायचा. किसुमूच्या आसपास घरात लुओ बोलतात, तेव्हा आजीसाठी लुओतला एक शब्द तरी शिका: एरोकामानो, म्हणजे आभार. लुओ नावांत जन्माची वेळ असते, हेही माहीत असू द्या. सकाळची मुलगी अकिन्यी, रात्रीची अतिएनो. मुलगा असेल तर सुरुवातीचा अ जाऊन ओ येतो. मुलांची खरी नावं मी इथे लिहीत नाही, पण ‘तू कधी जन्मलास ते मला तुझ्या नावावरून कळलं’ असं म्हटल्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. वेळ ठरवताना मात्र सावध राहा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. ‘तिसरा तास’ म्हणजे सकाळचे नऊ.

जेवणाचं आधी सांगा. मी शाकाहारी आहे. हे वेळेवर सांगितलं नसतं, तर पाहुणी आली म्हणून त्यांनी कोंबडी कापली असती आणि मी ती खाल्ली नसती. त्या घरात एक कोंबडी म्हणजे काय, हे पत्रं वाचलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मला उगाली मिळाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सुकुमा विकी ही पालेभाजी. या नावाचा अर्थ ‘आठवडा ढकल’. जेवणाआधी मुलीने हातावर पाणी घातलं, अगदी आपल्याकडे घालतात तसं. उजव्या हाताने जेवायचं, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. पानात वाढलेलं संपवा.

काय बोलायचं नाही, हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी येईन, तुला भारतात नेईन, कॉलेजचंही बघेन, यातलं काही नाही. अंगणातून निघताना गळा दाटतो आणि असली वाक्यं तोंडातून आपसूक बाहेर पडतात. मूल ती वर्षभर धरून बसतं. फोटो काढण्याआधी मुलाला आणि घरच्या मोठ्यांना, दोघांनाही विचारा. नाव, गाव, शाळेचा बिल्ला दिसेल असा फोटो कुठेही टाकू नका.

मूल पहिला तासभर बोलणारच नाही, हे धरून चला. प्रश्न विचारून बोलतं करायला जाऊ नका, हाताला काम द्या. मी अंगणातले पाच खडे उचलून पाचखडे खेळायला बसले. मुलगी थोडा वेळ बघत राहिली, मग समोर येऊन बसली आणि तिसऱ्या डावात जिंकली.

परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत पत्र पाठवा, कागदावर छापलेल्या फोटोंसकट, संस्थेमार्फत. वहीचं उजवं पान समोर ठेवून एकेक प्रश्न खोडत जा. मी त्याला तिथेच सांगितलं होतं, तरी पुन्हा लिहून पाठवलं: नाही, आमच्या तळ्यात पाणघोडे नाहीत. होड्या आहेत. तुझ्याकडच्या पाणघोड्यांची तेवढी नीट माहिती पाठव.