बर्लिनमध्ये ई-स्कूटरला हात लावण्याआधी

स्कूटर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बसायची गाडी येते. बर्लिनची ई-स्कूटर म्हणजे उभं राहून चालवायची पट्टी, खाली दोन चिमुकली चाकं. नवीन माणूस अ‍ॅप घेतो, कोपऱ्यावरची एक उचलतो आणि निघतो. मीही तसाच निघालो होतो. परवाना लागत नाही, हेल्मेटची सक्ती नाही, वय १४ पूर्ण असलं की झालं. त्यामुळे हिला कुणी गाडी समजतच नाही. जर्मन कायदा मात्र समजतो. १५ जून २०१९ पासून तिला स्वतंत्र नियम आहेत आणि त्यात ती मोटारवाहन आहे.

म्हणून सगळ्यात महागाची गोष्ट आधी. शुक्रवारी रात्री बिअर घेऊन 'गाडी थोडीच चालवतोय' म्हणत स्कूटरवर चढू नका. मद्याची मर्यादा मोटारचालकाचीच आहे, रक्तात ०.५ प्रति हजार. ती ओलांडली की साधारणपणे ५०० युरो दंड, महिनाभर वाहनबंदी आणि फ्लेन्सबुर्गच्या नोंदवहीत, म्हणजे चालकांच्या चुका नोंदवणाऱ्या सरकारी यादीत, २ दंडगुण. १.१ पासून पुढे फौजदारी गुन्हा. कुणी मित्र छातीठोकपणे १.६ सांगेल, तो आकडा सायकलचा. आणि २१ पूर्ण झाली नसतील तर एक घोटही नको.

चालवायची सायकलमार्गावर, तो नसेल तर रस्त्यावर. फूटपाथवर नाही, चिटपाखरू नसलं तरी नाही. डबलसीटही नाही. वेग ताशी २० किलोमीटरला अडवलेला असतो. मोबाइल हातात धरून नकाशा बघितला तर १०० युरो आणि १ दंडगुण, तेव्हा रस्ता आधीच पाहून घ्या. ट्रामचे रूळ नेहमी काटकोनात ओलांडा. चाक इतकं लहान की रुळाच्या खाचेत सहज अडकतं. जुन्या दगडी फरसबंदीवर तर मी सरळ उतरून चालतो.

आता पार्किंग. पहिल्या महिन्यात मी मुलाखतीला उशीर होत असताना इमारतीच्या दारात स्कूटर लावली, तर अ‍ॅप राईड संपवेना. मिनिटांचे पैसे चालू, मी घामाघूम. झालं असं की शहराच्या बऱ्याच भागात 'येल्बी' नावाच्या आखलेल्या जागा आहेत आणि त्यांच्या आसपास फूटपाथवर भाड्याची स्कूटर सोडता येत नाही. बागा आणि पाण्याकाठच्या बऱ्याच जागाही अ‍ॅपमध्ये बंद असतात. तेव्हा निघण्यापूर्वीच शेवटची जागा नकाशावर बघा आणि चालायला पाच मिनिटं हाताशी ठेवा. जिथे फूटपाथवर लावायची परवानगी आहे तिथे कडेला, उभी लावा. झेब्रा क्रॉसिंगचं तोंड, फूटपाथचा उतार, बसथांबा सोडून. फूटपाथवर उभ्या रेघांच्या किंवा फुगीर ठिपक्यांच्या फरश्या दिसतील. अंध माणसं काठीने त्यांचा माग काढत चालतात. त्या फरश्यांवर लावलेली स्कूटर बघितली की मी स्वतः उचलून बाजूला ठेवतो, आणि लावणाऱ्याला मनात शिव्या घालतो. शेवटी अ‍ॅप फोटो मागतं. तो नीट काढा, उद्या वाद झाला तर तोच पुरावा.

स्वतःची घ्यायची असेल तर ऑनलाइन स्वस्त मिळते म्हणून उडी मारू नका. जर्मनीत चालवायची अधिकृत मान्यता हवी आणि मागे विम्याचं स्टिकर हवं. ते १ मार्चपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतं आणि दरवर्षी रंग बदलतो, त्यामुळे जुनं स्टिकर पोलिसांना लांबूनच कळतं. विम्याशिवाय चालवणं हा साधा दंडाचा मामला नाही, गुन्हा आहे. हा विमा दुसऱ्याचं नुकसान भरतो, तुमचा मोडलेला हात नाही.

आणि घर ते स्टेशन स्कूटर, पुढे यू-बान, म्हणजे मेट्रो, असा बेत असेल तर थांबा. बॅटरीला आग लागण्याच्या भीतीने बीव्हीजीने, म्हणजे शहराच्या वाहतूक कंपनीने, सप्टेंबर २०२४ पासून यू-बान, ट्राम आणि बसमध्ये ई-स्कूटर न्यायला बंदी केली आहे, घडी केलेली असली तरी. एस-बान, म्हणजे लोकल, दुसरी कंपनी चालवते, तिचा नियम वेगळा बघून घ्या.