अँगल किती होता? नागपुरात डॉपलर शिकताना

डॉपलरच्या, म्हणजे सोनोग्राफीने रक्ताचा वेग मोजायच्या, पोस्टिंगचा तिसरा आठवडा होता. वर्ध्याकडचे सत्तरीतले एक आजोबा आले होते, डाव्या हाताला दोनदा मुंग्या येऊन गेलेल्या. मी मानेवर प्रोब (सोनोग्राफीच्या मशीनचा हातात धरायचा भाग) ठेवला आणि मेंदूकडे रक्त नेणाऱ्या उजव्या इंटर्नल कॅरोटिड धमनीत मला वेग मिळाला 240 सेंटिमीटर प्रति सेकंद. 230 च्या वर गेलं की धमनी 70 टक्के किंवा त्याहून जास्त अरुंद, हे आदल्याच रात्री पाठ केलं होतं. आजोबांच्या मुलाला मी लगेच सांगून टाकलं, "बहुतेक ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना दाखवावं लागेल." मग सरांना फोन.

सर आले, खुर्ची ओढून बसले, स्क्रीनकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "अँगल किती होता?"

मी बघितलाच नव्हता. प्रोबमधून जाणारा आवाज आणि रक्ताचा प्रवाह यांच्यातला हा कोन 72 अंश होता. रक्तवाहिनी तिथे वळण घेत होती आणि प्रवाहाची दिशा मशीनला सांगणारा माझा कर्सर भिंतीला समांतरही नव्हता. सरांनी प्रोब तिरपा केला, बॉक्स वळवला, कर्सर भिंतीच्या रेषेत आणून 55 वर बसवला. आकडा आला 118. प्लाक, म्हणजे धमनीच्या भिंतीवरचा थर, होता, पण 125 च्या आतला वेग म्हणजे 50 टक्क्यांपर्यंतही गोष्ट गेलेली नव्हती. गोळ्या आणि पुढची तपासणी यावर भागणारी केस. मुलगा मला म्हणाला, "म्हणजे आता काही नाही का मॅडम? मघाशी तर ऑपरेशन म्हणून राहिल्या होत्या." त्याला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. चेहरा लाल झाला होता एवढं आठवतं.

नागपुरातल्या एका मेडिकल कॉलेजात रेडिओलॉजीची तीन वर्षं काढून मी आता सिनिअर रेसिडेंट आहे. दरवर्षी नवे जेआर (ज्युनिअर रेसिडेंट) येतात आणि पहिल्याच आठवड्यात थ्रीडी, इलास्टोग्राफी, कॉन्ट्रास्ट यांबद्दल विचारतात. "अ‍ॅडव्हान्स्ड" म्हटलं की डोळ्यांपुढे महागडं मशीन येतं. माझ्या मते अ‍ॅडव्हान्स्ड शिक्षण सुरू होतं ते स्क्रीनवरचा आकडा आपल्या हाताने तयार झालाय हे एकदा अंगावर आल्यावर. मशीनला खरं काही ठाऊक नसतं. आवाज शरीरातून सेकंदाला 1540 मीटर जातो असं ते गृहीत धरतं. चरबीत तो हळू जातो, हाडात कितीतरी जोरात, पण मशीन हिशोब 1540 चाच करतं. डॉपलरमध्ये तर रक्त कोणत्या दिशेने वाहतंय हे आपण कर्सर फिरवून त्याला सांगायचं असतं. चुकीचं सांगितलं तर ते निमूट चुकीचा आकडा देतं.

गणित एकदाच करून बघा, पुन्हा विसरणार नाही. वेग काढताना कोनाच्या कोसाइनने भाग द्यावा लागतो. कोन 30 असताना कर्सर 5 अंशांनी जास्त लावला तर वेगात साधारण 6 टक्क्यांची चूक होते. कोन 60 असताना त्याच 5 अंशांची चूक 18 टक्क्यांवर जाते. त्याच्या पुढे तर विचारूच नका. 60 च्या वर मोजायचं नाही हा नियम इथून आलाय. आम्हाला तो परीक्षेच्या एका ओळीत शिकवला गेला म्हणून मी तो एका ओळीतच विसरले.

आजोबांच्या केसनंतर मी आणि माझी रूममेट रात्री केसेस संपल्या की एकमेकींच्या मानेवर प्रोब ठेवायचो. एकच कॉमन कॅरोटिड, एकच जागा. कोन मुद्दाम 30, 45, 60, 75 करायचा, मध्येच कर्सर वाकडा लावायचा आणि प्रत्येक वेळी आकडा वहीत लिहायचा. पंधरा मिनिटांचा खेळ. पण निरोगी मुलीच्या मानेत आपणच आजार तयार करू शकतो हे त्या वहीत स्पष्ट दिसतं. नव्या जेआरला मी आजही आधी हेच करायला लावते, पुस्तक नंतर.

याची उलट बाजूही तितकीच घातक. "फ्लो दिसत नाही" हे लिहिताना हात थरथरायला हवा. यकृताकडे रक्त नेणारी पोर्टल व्हेन आवाजाच्या बीमला काटकोनात पडली की रक्त वाहत असूनही स्क्रीनवर प्रवाहाचा रंग येत नाही. स्केल (मोजायच्या वेगाची मर्यादा) वर ठेवलं असेल, वॉल फिल्टर चढा असेल, तर हळू वाहणारं रक्त मशीन गाळून टाकतं. रात्री दोन वाजता वृषण पिरगळल्याची शंका असलेला मुलगा येतो, तेव्हा दुखणाऱ्या बाजूवर आधी प्रोब ठेवू नका. चांगल्या बाजूला ठेवा. तिथे रंग नीट येईपर्यंत स्केल, फिल्टर, गेन जुळवा, आणि मग काहीही न बदलता दुसऱ्या बाजूला जा. आता रंग आला नाही तर सर्जनला उठवा. एवढं करायला दोन मिनिटं लागतात.

साध्या पोटाच्या केसेसना कमी लेखू नका, नागपुरात त्यातही बरंच शिकायला मिळतं. "उपाशी आलात का?" "हो मॅडम, काहीच नाही खाल्लं. फक्त तर्री पोहे." पित्ताशय आकसून गेलेलं असतं आणि भिंत जाड दिसते. हे विचारलं नाही तर तुम्ही दाह लिहून मोकळे व्हाल. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो तेव्हा वेगळीच गंमत. चंद्रपूरहून उन्हात बसने आलेल्या बाईंचं ब्लॅडर दोन तास पाणी पाजूनही भरत नाही. त्याच दिवसांत मूतखड्यांची रांग लागते. मूत्रनळीच्या अगदी खालच्या टोकाला अडकलेला बारीक खडा सावली देत नाही. तिथे कलर लावून स्केल वाढवलं की खड्यामागे रंगांची चमचम दिसते, त्याला ट्विंकलिंग म्हणतात. तो रक्तप्रवाह नसतो, पण खडा पकडून देतो. आर्टिफॅक्ट, म्हणजे मशीनने दाखवलेल्या खोट्या खुणा, कामाला येतात ते असे.

कायद्याचं थोडक्यात, पण लक्ष देऊन वाचा. परदेशातल्या सोनोग्राफरचे व्हिडिओ बघून अनेक बी.एस्सी.ची मुलं विचारतात, आम्हाला स्वतंत्रपणे करता येईल का? आपल्याकडे गर्भवतीची सोनोग्राफी कायद्याने ठरवलेल्या पात्रतेच्या डॉक्टरनेच करायची असते. एमबीबीएस असाल तर 2014 च्या नियमांप्रमाणे सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाची वाट आहे. देशात गर्भलिंग निदानावर पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्राने केला, केंद्राचा 1994 मध्ये आला. गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद करायचा फॉर्म एफ भरणं ही कारकुनी समजू नका. त्यातली अपुरी किंवा चुकीची नोंद हाच गुन्हा धरला जातो आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद कायम ठेवली. दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत अहवाल जातो, कागद दोन वर्षं सांभाळायचे असतात. आणि नातेवाईक हसत हसत विचारतील, "मॅडम, पेढे आणू की बर्फी?" चेहऱ्यावर काहीही न आणता पुढचा पेशंट बोलवायला शिका. मला ते प्रोब धरण्यापेक्षा अवघड गेलं. आणखी एक, पहिल्या तिमाहीत बाळाचे ठोके एम-मोडवर (हालचालीचा आलेख काढणाऱ्या मोडवर) मोजा. उगाच स्पेक्ट्रल डॉपलर लावून ऊर्जा ओतू नका.

सतत प्रोब धरून दुखणाऱ्या आपल्या खांद्याबद्दल आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. पेशंटला पलंगाच्या कडेला, आपल्याकडे सरकवून घ्या, कोपर अंगाजवळ ठेवा, स्टूल उंच करा. मी हे दुसऱ्या वर्षी शिकले, फिजिओथेरपीवाल्यांकडून.

वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. तुम्ही काय लिहिलं, नंतर सीटीत किंवा ऑपरेशनमध्ये काय निघालं. नाव नको, केस नंबर पुरे. माझ्या वहीत पहिल्या वर्षी अपेंडिक्सच्या रकान्यात इतकी खोडाखोड आहे की दाखवायची लाज वाटते. पण संध्याकाळी सर्जरीच्या मित्राला फोन करून "काय निघालं रे?" विचारायची सवय त्यानेच लागली.

शेवटी विदर्भातली एक तपासणी सांगते, कारण इतरत्र शिकणाऱ्यांना ती सहसा रोज बघायला मिळत नाही. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांमध्ये मेंदूच्या धमनीतला वेग मोजून पक्षाघाताचा धोका ओळखता येतो. कानाच्या पुढे, कानशिलाच्या पातळ हाडातून प्रोब लावायचा आणि मिडल सेरेब्रल धमनी शोधायची. सरासरी वेग 170 च्या आत असेल तर ठीक, 200 किंवा त्यावर गेला तर रक्त देत राहण्याचा विचार करावा लागतो. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीने दाखवलं की असं नियमित रक्त दिल्याने या मुलांमधला पक्षाघात खूपच कमी होतो. इथे एक आकडा म्हणजे पोराचं पुढचं आयुष्य, त्याच्या आईच्या दर महिन्याच्या फेऱ्या.

गेल्या महिन्यात गडचिरोलीकडची एक ताई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. वाट बघून पोरगा तिच्या मांडीवरच झोपला. नवा जेआर त्याला उठवायला लागला तशी ती म्हणाली, "राहू द्या न भाऊ, आत्ताच डोळा लागला त्याचा." जेआरने तिला समजावलं की झोपेत हा वेग वाढतो, खोटा जास्त दिसेल, म्हणून जागाच हवा. पोरगा रडला, बिस्किट मिळालं, शांत होईपर्यंत आम्ही थांबलो. मग जेआरने प्रोब लावला, धमनी शोधली, आकडा 158 आला.

मी सवयीने विचारलं, "अँगल किती होता?"

"लावलाच नाही मॅडम," तो म्हणाला. "200 ची रेघ ज्यांनी ठरवली त्यांनी कोन शून्य धरून मोजलं होतं. आपण दुरुस्त केला तर त्यांच्या आकड्याशी जुळणार नाही. आणि आपल्या इमेजिंगच्या मशीनवर आकडा त्यांच्यापेक्षा थोडा कमीच येतो, म्हणून तसं रिपोर्टात लिहितो."

मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले आणि म्हटलं, आता डावी बाजू घे.