परिसरातील निसर्गमंडळात सामील होताना

मंडळ निवडताना त्याच्या सहलींची छायाचित्रे पाहण्यापेक्षा गेल्या वर्षभरात कोणते काम झाले, हे विचारावे. रोपे किती लावली यापेक्षा त्यांतली किती जगली, त्यांना पाणी कोण घालते आणि मेलेल्या रोपांच्या जागी पुढे काय केले, या प्रश्नांची उत्तरे जेथे सहज मिळतात, ते मंडळ कामाचे समजावे. मूळच्या गवताळ भागात सरसकट झाडे लावणाऱ्या मंडळाबाबत सावध राहावे. सावली वाढली की गवत मागे हटते आणि मोकळ्या गवतात जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची जागा जाते.

वर्गणी भरण्याची घाई करू नये. बहुतेक मंडळे नवख्याला पाहुणा म्हणून येऊ देतात, तेव्हा एकदा भ्रमंतीला आणि एकदा श्रमदानाला जावे. भ्रमंतीत सगळेच उत्साही असतात. मंडळाचा खरा स्वभाव चिखलात उभे राहून जलपर्णी ओढताना कळतो. निघण्यापूर्वी वाटेचे अंतर, चढ, परतण्याची वेळ, प्रथमोपचाराची सोय आणि मुलांना आणण्याविषयीचे नियम विचारून घ्यावेत. मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी किंवा दम्यासारखा त्रास असल्यास तो प्रमुखाला आधीच सांगणे हे संकोचाचे नव्हे, जबाबदारीचे लक्षण आहे.

साहित्याचा फार विचार करू नये. मळकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पकड असलेले बूट, पाणी, टोपी आणि टिपणवही एवढे पुरते. दुर्बीण पहिल्या दिवशी मागून वापरावी. पुढे घ्यायची झाली, तर ८×४२ हे माप बहुतेकांना सोयीचे पडते. यातील ८ म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. पक्षी जवळ यावा म्हणून ध्वनिमुद्रित हाक वाजवू नये, कारण आपल्या हद्दीत दुसरा आला असे समजून तो खाणे आणि पिलांची देखभाल सोडून धावतो. घरट्याचा नेमका ठावठिकाणाही कोठे जाहीर करू नये.

श्रमदानात आक्रमक, म्हणजे बाहेरून येऊन झपाट्याने पसरणाऱ्या, वनस्पती काढण्याचे काम बहुधा येतेच, आणि ते वाटते तितके सोपे नाही. घाणेरी नुसती वरून छाटली, तर बुंध्यापासून पुन्हा जोमाने फुटते. जलपर्णीचा एखादा तुकडा पाण्यात राहिला, तरी त्यापासून नवे रोप होऊ शकते. म्हणून काय उपटायचे, कोठपर्यंत उपटायचे आणि काढलेला ढीग कोठे टाकायचा, हे जाणत्या सदस्याने दाखवल्याखेरीज हात घालू नये. स्थानिक रोप चुकून उपटले जाण्याचा धोका नवख्यांच्या उत्साहातच अधिक असतो.

नवख्याला सर्वांत लवकर उपयोगी पडता येते ते नोंदींच्या कामात. आयनॅचरलिस्ट या सजीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर टाकलेल्या निरीक्षणाला छायाचित्र किंवा आवाज, तारीख आणि ठिकाण यांची जोड असेल आणि ओळखीवर इतरांचे पुरेसे एकमत झाले, तर ते संशोधनयोग्य दर्जाचे ठरू शकते. म्हणजे नाव माहीत नसतानाही नीट काढलेले छायाचित्र वाया जात नाही. ईबर्ड या केवळ पक्ष्यांसाठीच्या संकेतस्थळावर नोंद करताना मात्र ओळखता आलेल्या सर्व जाती लिहाव्यात, केवळ दुर्मीळ नव्हेत. यादी पूर्ण असली, तरच त्यात नसलेल्या जातींविषयीही अभ्यासकाला काही अनुमान काढता येते. सरावासाठी दर फेब्रुवारीत चार दिवस चालणारी ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही गणना सोयीची आहे, कारण तिच्यात किमान १५ मिनिटांचे निरीक्षणही स्वीकारले जाते.

माणसे आणि कामाची पद्धत पटली, तर सदस्यत्व घ्यावे आणि आपल्याला झेपेल असे एकच काम मागून घ्यावे: एखाद्या तळ्याची मासिक नोंद, अवजारांची देखभाल किंवा रोपांना पाणी देण्याची ठरावीक पाळी. पाळीला येणे शक्य नसेल, तेव्हा दोन दिवस आधी कळवावे, म्हणजे बदली माणूस शोधता येतो.