साध्या लॅपटॉपवर गेम घडवताना

वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप चित्रांसाठीही मुख्य रॅमच वापरतो; म्हणून रॅमची एकच पट्टी असल्यास आणि दुसरी खाच रिकामी असल्यास, तशीच दुसरी पट्टी बसवणे हा पहिला खर्च करावा.

गोडॉट ४ या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्प सुरू करतानाच ‘कम्पॅटिबिलिटी’ हा रेंडरर (चित्र पडद्यावर रेखाटणारा भाग) निवडावा. तो ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स-प्रणालीवर चालतो आणि जुन्या यंत्रांना झेपतो. समजा, कोल्हापुरातील रंकाळ्याची संध्याकाळ दाखवायची आहे. अशा वेळी पाण्यातील प्रतिबिंब प्रत्येक फ्रेमला नव्याने मोजण्याऐवजी काठावरच्या शालिनी पॅलेसचे चित्र उलटे व फिकट करून साध्या शेडरने (पिक्सेलचे रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) किंचित हलवावे. सावल्याही चित्रातच रंगवाव्यात. द्विमितीय खेळात ही लबाडी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

खेळाचा मूळ आकार ६४० × ३६० ठेवून स्ट्रेच मोड (खेळ पडद्याच्या मापाला कसा ताणायचा हे ठरवणारी सेटिंग) ‘व्ह्यूपोर्ट’ करावा. तिप्पट केल्यावर तो १९२० × १०८० चा पडदा नेमका भरतो, आणि रंगवायचे पिक्सेल मात्र नवव्या हिश्श्याइतकेच राहतात.

सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर प्रत्येक फ्रेमला सुमारे १६.६ मिलिसेकंद मिळतात. हा वेळ प्रोफायलरमध्ये (कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या साधनात) चार्जर लावून आणि काढून, असा दोन्ही वेळा तपासावा, कारण बॅटरीवर अनेक लॅपटॉप आपला वेग आपणहून कमी करतात.