राज्याच्या बजेटसाठी निवेदन द्यायचंय? मग फेब्रुवारीची वाट बघू नका

आमच्या इंडस्ट्रियल एरियातल्या संघटनेने पहिल्यांदा बजेटसाठी निवेदन दिलं तेव्हा त्यात बावीस मागण्या होत्या आणि आम्ही ते फेब्रुवारीच्या शेवटी नेऊन दिलं. मार्चमध्ये बजेट आलं, त्यात आमचं काहीच नव्हतं. नंतर शांतपणे वाचलं तेव्हा कळलं की निम्म्या मागण्या राज्याच्या हातातल्याच नव्हत्या. तेव्हापासून जे शिकलो ते लिहितोय, छोट्या कारखानदारांना उपयोगी पडेल म्हणून.

आधी दार बरोबर आहे का ते बघा. इन्कम टॅक्स केंद्राचा. जीएसटीचे रेट जीएसटी कौन्सिलमध्ये, म्हणजे केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांच्या परिषदेत ठरतात, तिथे एक तृतीयांश मतं केंद्राची, बाकी सगळ्या राज्यांची मिळून, आणि ठराव पास व्हायला तीन चतुर्थांश लागतात, त्यामुळे 'राज्याने जीएसटी कमी करावा' असं लिहिलं की तो कागद तिथेच संपला. फार तर 'आमचा मुद्दा कौन्सिलमध्ये मांडा' एवढंच मागता येतं. राज्याच्या हातात आहे तो व्यवसाय कर, मुद्रांक शुल्क, वीज शुल्क, पेट्रोल डिझेलवरचा व्हॅट, वाहन कर.

व्यवसाय कराचंच घ्या. महिलांना २५,००० पगारापर्यंत माफी मिळाली ती २०२३ च्या बजेटमधून, पण पुरुष कामगाराचा पगार १०,००० च्या वर गेला की महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, म्हणजे वर्षाला २,५००, आणि घटनेच्या कलम २७६ प्रमाणे यापेक्षा जास्त घेताच येत नाही, म्हणजे १०,००० च्या जरासा वर पगार असलेला कामगार आणि मॅनेजर दोघेही सारखाच कर भरतात. पुरुषांनाही २५,००० पर्यंत माफी द्या, ही मागणी मला मनापासून पटते. पण नुसतं 'मर्यादा वाढवा' लिहून भागत नाही, वित्त विभाग पहिला प्रश्न विचारतो तो महसूल किती बुडणार. म्हणून आपल्या सभासद युनिटमधून १०,००० ते २५,००० मधले पुरुष कामगार किती ते मोजा, गुणिले २,५०० करा आणि तो आकडा पहिल्याच पानावर टाका.

आता कामगारांचं. इथे बहुतेक संघटना 'कुशल मनुष्यबळ मिळत नाही' असं एक वाक्य लिहून मोकळ्या होतात आणि खरी मेहनत इथेच हवी. प्रत्येक युनिटला एक साधा फॉर्म द्या: वेल्डर, फिटर, सीएनसी ऑपरेटर, इलेक्ट्रिशियन, कुठल्या कामाला किती जागा किती महिन्यांपासून रिकाम्या आहेत. मग जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांकडे जा आणि त्या ट्रेडला शिल्प निदेशक आहे का, मशीन चालू आहे का ते विचारा. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी पासला ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० विद्यावेतन ठरलं, ते मुलांच्या कामी येतंच, पण शिकवायला निदेशकच नसेल तर मुलगा मशीनवर उभा राहणार कसा? माझं मत, विद्यावेतन वाढवून मागण्यापेक्षा निदेशकांची पदं आणि मशीन मागा. पदं मागायची ती कौशल्य विभागाकडे, मशीनसाठी जिल्हा नियोजन समितीतून पैसे मिळतात का ते पालकमंत्र्यांच्या ऑफिसला आणि जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांना विचारा.

वेळ महत्त्वाची. विभाग पुढच्या वर्षाचे अंदाज दिवाळीच्या आगेमागेच करायला घेतात, तेव्हा आपला कागद टेबलावर हवा. दोन पानं, जास्तीत जास्त तीन मागण्या, प्रत्येकीपुढे विभागाचं नाव आणि खर्च. मंत्र्यांना द्याच पण त्या विभागाचं काम बघणाऱ्या मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्यालाही भेटा, कारण फाईल तिथूनच वर सरकते. आणि आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय निघू नका, पुढच्या वेळी गेल्यावर त्या पोचेवरचाच नंबर विचारतात.

बजेटमध्ये नाही आलं तरी थांबू नका. आपल्या आमदारांना कागद द्या, विधानसभेत विभागाच्या खर्चाच्या मागण्यांवर चर्चा होते तेव्हा ते कपात सूचना (ती रक्कम कमी करा असं सुचवून मुद्दा मांडायची पद्धत) देऊ शकतात, तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) लावू शकतात, आणि पावसाळी किंवा नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या (वर्षाच्या मधेच मागितलेला जादा खर्च) येतात त्यातही पैसे घालता येतात. आणि तरतूद झालीच तर बीम्सच्या, म्हणजे राज्याच्या बजेटचं वाटप आणि खर्च दाखवणाऱ्या सरकारी साइटवर अधूनमधून बघत रहा, जाहीर झालेले पैसे विभागाला वितरित झाले का आणि खर्च किती झाले. डिसेंबरपर्यंत खर्च दिसत नसेल तर तोच आकडा घेऊन परत त्याच कक्ष अधिकाऱ्याकडे जायचं.